मंडप आणि सरहद्द

हिंगोली गांव पूर्वीं निजामाच्या मुलुखांत मोडत असे. तेथें इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेची छावणी होती, आणि छावणीच्या बाजारांत हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी दुकान थाटून बसलेला होता. एकदां त्यानें त्या भागाचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला व तो त्यास मिळाला. कापड मुंबईहून खरोखरच निघालेलें होतें. परंतु तें दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें होतें. हरिसिंगानें वाटेंत त्या व्यापाऱ्याचा व त्याच्या सोबत्यांचा जीव घेतला, तो माल सरकारी परवान्यावर हिंगोलींत आणला आणि छावणींत राजरोस विकला. हा गृहस्थ ठगांचा म्होरक्या होता, हें पुढें तो पकडला गेल्यावर त्याच्याच कबुलीजबाबानें उघड झालें. ही हकीकत फिलिप मेडोज टेलर यानें १८३९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेंत लिहून ठेविली आहे. टेलर स्वतः निजामी फौजेंत अधिकारी होता, आणि इतर अनेकांप्रमाणें त्यानेंही हरिसिंगाशीं देवघेव केलेली होती.

या गोष्टींत परवाना अस्सल होता आणि परवानेवाला खोटा होता. राज्यकर्त्यांस अशा माणसांचें भय नेहमींच वाटत आलें आहे, आणि त्या भयापोटींच कागदांच्या अटी वाढत गेल्या आहेत. व्यापाऱ्याच्या बाबतींत याचें कोणास फारसें नवल वाटत नाहीं. परंतु जगांतील एक अगदीं घरगुती गोष्ट, म्हणजे विवाह, हीदेखील याच कागदाच्या कचाट्यांत सांपडलेली आहे. वधू एका देशाची आणि वर दुसऱ्या देशाचा असला, कीं त्या जोडप्यास दोन दारें ओलांडावीं लागतात. एक मंडपाचें आणि दुसरें सरहद्दीचें. मंडपाच्या दारीं विचारतात, “तुमचें लग्न कोणत्या कायद्यानें खरें?” सरहद्दीच्या दारीं विचारतात, “तुम्ही कोणत्या राज्याचीं माणसें?” एका दारीं दिलेलें उत्तर दुसऱ्या दारीं चालेलच असें नाहीं. म्हणून कोणत्या दारीं आधीं जावें आणि कोणत्या रीतीनें जावें, हा प्रश्न आज मराठवाड्यांतील एखाद्या घरांत निघतो, तेव्हां तो नवा वाटला तरी त्याला दोन शतकांचा इतिहास आहे.

टेलरच्या स्वतःच्या घरापासूनच हा इतिहास पाहतां येतो. १८२४ मध्यें तो मुंबईस उतरला तेव्हां त्याचें वय अवघें पंधरा वर्षांचें होतें. त्या काळीं परवान्याची अडचण आजच्या उलट दिशेची होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीवांचून युरोपीय माणसास हिंदुस्थानांत येऊन राहतां येत नसे. १८१३ च्या सनदेनें हा निर्बंध थोडा सैल केला आणि १८३३ च्या सनदेनें तो बहुतांशीं काढून टाकला. तोंपर्यंत इंग्रजाला हिंदुस्थानांत प्रवेश हा हक्क म्हणून मिळत नसे, कंपनीच्या मेहेरबानीनें मिळे.

या टेलरनें हैदराबादचा प्रसिद्ध सावकार विल्यम पामर याची कन्या मेरी हिच्याशीं विवाह केला. पामरचा जन्म १७८० चा. त्याचा बाप जनरल विल्यम पामर हा १७९८ पासून १८०१ पर्यंत पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा रेसिडेंट होता. आई फैज बक्ष ही हिंदुस्थानी मुसलमान बेगम होती. बापाच्या हुद्द्याकडे पाहतां मुलास कंपनीच्या नोकरींत सहज जागा मिळावयास हवी होती. परंतु १७९१ मध्यें कंपनीनें असा नियम केला होता, कीं ज्याची आई किंवा बाप हिंदुस्थानी असेल त्यास कंपनीच्या मुलकी व लष्करी अधिकारपदांवर घ्यावयाचें नाहीं. पामरनें म्हणून निजामाची चाकरी धरली, पुढें हैदराबादेंत पेढी काढली, आणि ती पेढी एके काळीं निजामाच्या दौलतीसच कर्ज पुरविण्याइतकी मोठी झाली व पुढें तितक्याच गाजावाजानें बुडाली. आईबापांच्या विवाहाचा प्रश्न त्या दोघांना फारसा बाधला नाहीं. तो मुलाला बाधला. कंपनीच्या अमदानींत दोन मुलुखांच्या विवाहाची किंमत पुढच्या पिढीकडून वसूल होत असे, आणि हा नियम या विषयाच्या इतिहासांत पुनःपुन्हां निराळ्या वेषांत भेटतो.

१८५७ नंतर राज्य राणीकडे गेलें आणि लग्नाचे कायदे लेखी होऊं लागले. १८७२ हें साल त्यांत महत्त्वाचें आहे, कारण त्या एकाच वर्षीं दोन कायदे झाले. पहिला ख्रिस्ती विवाहाचा. वधूवरांपैकीं एक जरी ख्रिस्ती असलें तरी त्याप्रमाणें लग्न लावतां येई, आणि राणीच्या ख्रिस्ती प्रजेपुरता तो संस्थानी मुलुखांतही लागू होता. दुसरा कायदा म्हणजे त्या वर्षाचा तिसरा आक्ट, ज्याला लोक नोंदणीविवाहाचा कायदा म्हणत. त्यांत भटजी नको, पाद्री नको, काजी नको. सरकारी अधिकाऱ्यापुढें साक्षीदारांसमक्ष कबुली दिली कीं झालें. परंतु त्या कबुलींत एक खोंच होती. आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदु, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख अथवा जैन धर्म मानीत नाहीं, असें वधूवरांस जाहीर करावें लागे. ज्यांनीं कधीं देवळाची पायरी सोडली नव्हती, अशांनाही केवळ लग्नाच्या सोईसाठीं हें वाक्य उच्चारणें भाग पडे. १९२३ मध्यें सर हरिसिंग गौर यांच्या खटपटीनें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांत धर्म न सोडतां असें लग्न करण्याची मुभा मिळाली. परंतु तिच्याबरोबर अविभक्त कुटुंबापासून फारकत हा परिणामही चिकटून आला. शिवाय ती मुभा या चार धर्मांच्या बाहेरील वधूवरांस नव्हतीच.

या सगळ्या अटी एका सुविख्यात महाराष्ट्रीय जोडप्याच्या जीवनांत एकत्र आल्या. तें जोडपें म्हणजे ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आणि त्यांच्या पत्नी शीलवतीबाई. केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजीं रायपूर येथें झाला. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहून त्यांनीं १९११ मध्यें डॉक्टरेट मिळविली, आणि तेथून ते लंडनला आले. लंडनमध्यें त्यांची ओळख ईडिथ कोन या जर्मन यहुदी घराण्यांतील विदुषीशीं झाली. १९१२ मध्यें केतकर स्वदेशीं परतले. दोनच वर्षांनीं महायुद्ध पेटलें, आणि जर्मन मनुष्य हा ब्रिटिश साम्राज्याच्या दृष्टीनें शत्रुप्रजाजन ठरला. या दोघांचा विवाह झाला तो १९२० मध्यें.

मधल्या वर्षांत या दोघांपुढें कायद्यानें कोणते मार्ग मोकळे ठेविले होते, हें पाहिलें म्हणजे त्यांनीं केलेल्या निवडीचें महत्त्व कळतें. ख्रिस्ती विवाहाचा कायदा त्यांच्या कामाचा नव्हता, कारण दोघांपैकीं कोणीच ख्रिस्ती नव्हतें. तिसरा आक्ट घ्यावा, तर वरानें ‘मी हिंदु नाहीं’ आणि वधूनें ‘मी यहुदी नाहीं’ असें सांगावयाचें. आणि हिंदुत्वावर इंग्रजींत ग्रंथ लिहिणाऱ्या केतकरांनीं हें वाक्य कोणत्या तोंडानें उच्चारावयाचें? लंडनच्या रजिस्ट्रारपुढें लग्न करण्याचा तिसरा मार्ग होता. तेथें धर्माचा प्रश्न विचारला जात नसे. इतकेंच नव्हे, तर १९०९ च्या चेट्टी खटल्यांत इंग्लिश न्यायालयानें असा निर्णय दिला होता, कीं इंग्लंडांत इंग्लिश कायद्याप्रमाणें लग्न करणाऱ्या हिंदूस मागाहून ‘माझा धर्म परजातींत लग्न करूं देत नाहीं’ अशी सबब सांगून पत्नीस टाकतां यावयाचें नाहीं. परक्या मुलखांतील स्त्रीच्या दृष्टीनें हा मार्ग सर्वांत भक्कम खरा. परंतु लंडनच्या वहींतील सहीनें पुण्याच्या समाजांत ती सून म्हणून उभी राहिली असती काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला असता.

केतकरांनीं चौथा मार्ग धरला. सामवेदाच्या तांड्य ब्राह्मणांत व्रात्यस्तोम नांवाचा विधि सांगितलेला आहे. वैदिक समाजाच्या बाहेर पडलेल्या व्रात्यांना त्या समाजांत घेण्यासाठीं तो असे. शतकानुशतकें ग्रंथांत पडून राहिलेला हा विधि त्यांनीं बाहेर काढला, त्या विधीनें ईडिथ कोन हिंदु झाल्या, शीलवती हें नांव त्यांनीं घेतलें, आणि मग हिंदु पद्धतीनें विवाह झाला. हिंदु धर्मांत परक्याला दार नाहीं, असें देशी व विदेशी पंडित एकमुखानें सांगत होते. दार जुनेंच आहे, फक्त कडी गंजली आहे, असें या विवाहानें दाखविलें.

तथापि येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. या निवडींत धर्म बदलण्याचें काम वधूकडे आलें होतें, आणि राष्ट्रीयत्वाचा धोकाही तिनेंच पत्करला होता. १९१३ च्या जर्मन कायद्यानें परकीयाशीं लग्न करणाऱ्या जर्मन स्त्रीचें नागरिकत्व आपोआप जाई. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानें ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी आपोआप ब्रिटिश प्रजाजन होई. म्हणजे एक दार लग्नानें बंद होई आणि दुसरें लग्नानेंच उघडे. परंतु दुसरें दार उघडावयाचें तर लग्न कायद्यानें खरें ठरलें पाहिजे, आणि निरनिराळ्या जातींच्या हिंदूंमधील लग्नें वैध कीं अवैध हाच प्रश्न त्या वेळीं वादांत होता. विठ्ठलभाई पटेल यांनीं १९१८ मध्यें अशा विवाहांना कायद्याचा आधार देणारें बिल मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलें, त्यावर महाराष्ट्रांत मोठें रणकंदन झालें, आणि तें बिल मंजूर झालें नाहीं. असे सर्व विवाह निःसंशय वैध ठरविणारा कायदा व्हावयास १९४९ साल उजाडावें लागलें. ज्या मंडपावर पतिपत्नींचें नातें उभें, त्याच मंडपावर पत्नीचा देशही अवलंबून, आणि मंडपाचा पाया न्यायालयांत डळमळीत, अशी ती अवस्था होती. शीलवतीबाईंनीं ती जाणूनबुजून स्वीकारली. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचें जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनींच केलें. त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठानें १९२७ मध्यें प्रसिद्ध केला. १० एप्रिल १९३७ रोजीं केतकर निवर्तले. आपल्या संसाराची कहाणी शीलवतीबाईंनीं पुढें ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या पुस्तकांत मराठींतच सांगितली. परदेशी सून मराठी झाली, याला यापेक्षां निराळा दाखला नको.

केतकर १९३१ मध्यें हैदराबाद येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. निजामी राज्यांतील मराठी माणसांना तो मोठा मान वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु त्या वेळीं हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील एखाद्या सुशिक्षित तरुणानें केतकरांचा कित्ता गिरवावयाचें मनांत आणलें असतें, तर त्याची अडचण केतकरांहून एका पायरीनें अधिक झाली असती. केतकर रायपूरला, म्हणजे ब्रिटिश हद्दींत जन्मलेले. म्हणून ते ब्रिटिश प्रजाजन. हिंगोलीचा मनुष्य निजामाचा प्रजाजन. ब्रिटिश कायदा त्याला केवळ ‘ब्रिटिश संरक्षणाखालील व्यक्ति’ समजे. ब्रिटिश प्रजाजनाच्या पत्नीस मिळणारें राष्ट्रीयत्व त्याच्या पत्नीच्या वाट्यास येत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानचे विवाहाचे कायदेही निजामाच्या मुलुखांत आपोआप लागू नव्हते. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडांत एक न्याय आणि अलीकडे हिंगोलींत दुसरा! नदी ओलांडली कीं त्याच मनुष्याच्या होणाऱ्या बायकोचें भवितव्य बदलावें, अशी ती विलक्षण स्थिति होती.

संस्थानी मुलुखांतील अशा विवाहाचें सर्वांत गाजलेलें उदाहरण मराठी राजघराण्यांतच घडलें. इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर हे १९२६ मध्यें गादीवरून दूर झाले होते. त्यांनीं अमेरिकेंतील सिएटल शहराच्या नॅन्सी अ‍ॅन मिलर या तरुणीशीं विवाह ठरविला. मार्च १९२८ मध्यें नाशिक येथें शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनीं तिला हिंदु धर्मांत घेतलें. शर्मिष्ठादेवी असें तिचें नांव ठेवण्यांत आलें. होळकरांच्या धनगर समाजांतही तिला सामावून घेण्यांत आलें, आणि त्याच महिन्यांत बडवाह येथें लग्न झालें. वृत्तपत्रांनीं मिरवणुकीचीं व दागिन्यांचीं वर्णनें रंगवून छापलीं. अमेरिकेच्या कायद्यांत त्या वेळीं काय लिहिलें होतें, इकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष गेलें.

अमेरिकेनें १९०७ मध्यें असा कायदा केला होता, कीं परकीयाशीं लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीनें आपलें नागरिकत्व गमावलें असें समजावें. १९२२ च्या केबल कायद्यानें ही जाचक अट बहुतेकांपुरती काढली; परंतु नवरा जर ‘नागरिक होण्यास अपात्र’ अशा वंशाचा असेल तर ती तशीच ठेविली. दुसऱ्याच वर्षीं, १९२३ मध्यें, भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरविला. या दोन गोष्टी एकत्र केल्या म्हणजे निष्पन्न असें होई, कीं अमेरिकन स्त्रीनें हिंदी गृहस्थाशीं लग्न केलें तर तिचा स्वतःच्या जन्मभूमीवरील हक्क संपला. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी दास यांनीं हा अनुभव घेतला. जन्म अमेरिकेंत, वास्तव्य अमेरिकेंत, आणि तरी त्या कोणत्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. १९३१ मध्यें ही अट रद्द झाली. तोंपर्यंत हिंदी मनुष्याची वधू होणें म्हणजे सप्तपदीच्या सात पावलांबरोबर आपला देशही मागें टाकणें होतें.

स्वातंत्र्यानंतर या चित्राचे रंग पालटले. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राज्य भारतांत विलीन झालें आणि हिंगोलीच्या मनुष्याचा ‘संरक्षित व्यक्ति’ हा निराळेपणा मिटला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें १८७२ चा कायदा मागें पडला, आणि धर्म नाकारण्याची ती कबुली त्याबरोबर गेली. आतां हिंदु वरानें हिंदु राहावें, ख्रिस्ती किंवा यहुदी वधूनें आपला धर्म पाळावा, आणि दोघांचें लग्न कायद्यानें पक्कें व्हावें, हें शक्य झालें. केतकरांना जो चौथा मार्ग शोधावा लागला, त्याची कायद्यापुरती गरज उरली नाहीं. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें लग्नामुळें कोणाचें नागरिकत्व आपोआप जाणें किंवा येणें ही रीतही मोडली. १९६९ च्या परदेशस्थ विवाह कायद्यानें भारतीय वकिलातींतील विवाह अधिकाऱ्यापुढें परदेशांत लग्न करण्याची सोय झाली. त्यासाठीं दोघांपैकीं एक भारताचा नागरिक असला म्हणजे पुरे.

परंतु जुन्या समजुती कायद्याच्या कलमांत बराच काळ टिकून राहिल्या. १९५५ च्या कायद्यानें भारतीय पुरुषाच्या परदेशी पत्नीस नोंदणीनें नागरिक होण्याचा मार्ग दिला. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीस तो दिला नाहीं. सून घरांत येते, जांवई घरांत येत नाहीं, ही घरगुती कल्पना येथें राज्याच्या कायद्यांत उतरली होती. ही विषमता १९८६ च्या दुरुस्तीनें गेली. तशीच मुलांची गोष्ट. परदेशांत जन्मलेल्या मुलाचें भारतीयत्व केवळ बापाकडून ठरे. आई भारतीय असून भागत नसे. आईकडूनही तें मिळावें अशी दुरुस्ती १९९२ मध्यें झाली. १७९१ च्या नियमांत पामरच्या मुलास आईमुळें दार बंद झालें होतें. आईच्या नात्याला बापाच्या नात्याइतकेंच वजन मिळावयास त्यानंतर दोन शतकें लागलीं.

हिंगोली जिल्हा परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला. शिक्षणानें व नोकरीनें परदेशीं गेलेल्या या भागांतील मुलामुलींच्या घरीं आज परदेशी वधूवराची गोष्ट निघाली, तर त्यांच्यापुढें मुख्यतः तीन वाटा दिसतात. पहिली, जिल्ह्यांतच विशेष विवाह कायद्यानें लग्न करावयाचें. त्यासाठीं दोघांपैकीं एकानें नोटीस देण्यापूर्वीं निदान तीस दिवस त्या जिल्ह्यांत राहिलेलें असलें पाहिजे. नोटिशीनंतर तीस दिवस हरकतीसाठीं जातात. मग तीन साक्षीदारांसमक्ष लग्न होतें, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत तें उरकावें लागतें. परदेशी पक्षाकडून तो विवाहास मोकळा असल्याचा त्याच्या वकिलातीचा दाखला सामान्यतः मागितला जातो. दुसरी वाट परदेशांतील भारतीय वकिलातींत लग्न करण्याची, आणि तिसरी त्या देशाच्या कायद्यानें तेथेंच लग्न करण्याची. दोघेंही हिंदु असतील तर हिंदु विवाह कायदा आहेच. परंतु केवळ लग्नासाठीं धर्मांतर करण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं.

वाटांची निवड कशावरून करावी, याचें उत्तर मात्र मंडपांत मिळत नाहीं, सरहद्दीवर मिळतें. संसार भारतांत थाटावयाचा असेल तर लग्नाची येथील नोंदणी सर्वांत सोईची. परदेशी जोडीदारास पति किंवा पत्नी या नात्यानें प्रवेशाचा व्हिसा मिळतो आणि पोलीस खात्याच्या परकीय नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद होते. नोंदलेल्या लग्नास सलग दोन वर्षें झाल्यावर परदेशस्थ भारतीय नागरिक या दर्जासाठीं अर्ज करतां येतो, आणि सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठीं. पहिला दर्जा लग्नावर उभा असल्यामुळें लग्न मोडलें तर तोही राहत नाहीं. नागरिकत्व घेतलें तर मूळ देशाचें सोडावें लागतें, कारण भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाहीं. परकीयांच्या येण्याराहण्यासंबंधींचे १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन २०२५ पासून एकच नवा कायदा आला आहे. त्यामुळें दहा वर्षांपूर्वीं कोणा नातलगानें केलेली खटपट आज जशीच्या तशी उपयोगी पडेल, असें धरून चालूं नये.

संसार परदेशांत थाटावयाचा असेल तर हिशेब उलटा होतो. अमेरिकेच्या नागरिकास आपल्या वाग्दत्त वधूस किंवा वरास बोलावण्याचा निराळा व्हिसा आहे. त्यासाठीं दोघें गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेलीं असावीं लागतात, आणि तेथें पोंचल्यावर नव्वद दिवसांत लग्न करावें लागतें. हौशीनें आधींच हिंगोलींत कायदेशीर लग्न करून बसलेल्या जोडप्यास हा मार्ग बंद होतो; त्यांना विवाहिताचा निराळा अर्ज करावा लागतो. त्या मार्गानें तेथें पोंचतांना लग्नास दोन वर्षें पुरीं झालेलीं नसलीं, तर मिळणारा वास्तव्याचा हक्क दोन वर्षें सशर्त असतो. ब्रिटनचा वाग्दत्तांचा व्हिसा सहा महिन्यांचा असतो. शीलवतीबाईंच्या जर्मनीनें २००७ पासून येणाऱ्या पतिपत्नींकडून बहुधा प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा मागितली आहे. ज्या घरांत या क्रमाचा विचार झाला नाहीं, तेथें अक्षता पडल्यावर नवरा एका खंडांत आणि बायको दुसऱ्या खंडांत, अशी स्थिति महिनेच्या महिने राहते. म्हणून पत्रिका छापण्यापूर्वीं चूल कोणत्या देशांत मांडावयाची, हें ठरलें पाहिजे; मांडव कोठें घालावयाचा, तें त्यावरून ठरेल.

मागच्या दोनशें वर्षांत या विवाहाची किंमत कोणत्या नाण्यांत मोजली गेली, हें पाहिलें तर एक क्रम दिसतो. कंपनीच्या काळीं ती मुलांच्या भवितव्यांत मोजली गेली. राणीच्या काळीं ती धर्म सोडण्यांत किंवा घेण्यांत, आणि स्त्रीच्या देशत्यागांत मोजली गेली. आज ती मुख्यतः काळांत आणि पुराव्यांत मोजली जाते. वकिलातींतील अधिकारी पत्रें, छायाचित्रें, प्रवासाचीं तिकिटें मागतो आणि दोघांची ओळख कशी झाली हें बारकाईनें विचारतो, याचा नवदंपतीस राग येतो. परंतु त्याच्या मनांतील भीति हिंगोलीच्या छावणींतील त्या जुन्या परवान्याचीच आहे. खोट्या लग्नाच्या आधारें खरा व्हिसा मिळविणारे लोक असतात, आणि त्यांचा उपसर्ग खऱ्या जोडप्यांना पोंचतो. त्याला तोड एकच. कागद आरंभापासून नीट ठेवावे, पासपोर्ट, जन्मदाखला आणि विवाहदाखला यांवरील नांवें अक्षरशः एक असावीं, पूर्वींचें लग्न झालेलें असेल तर त्याच्या समाप्तीचा हुकूम जवळ असावा, आणि विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर सजवून देऊं नये.

केतकर दंपतीला यांपैकीं फार थोड्या सोई उपलब्ध होत्या. त्यांच्यापुढें होते ते सारे मार्ग काटेरी होते, आणि त्यांतील काटे मुख्यतः एका स्त्रीच्या पायांत रुतणारे होते. ते काटे पुढच्या पिढ्यांनीं, कायदेमंडळांत भांडून, न्यायालयांत झगडून, एक एक करून वेंचले. आज हिंगोलीच्या मुलीला परदेशी वराशीं लग्न करतांना धर्म सोडावा लागत नाहीं, लग्नानें तिचें भारतीयत्व आपोआप जात नाहीं, आणि तिच्या मुलाला केवळ आई भारतीय म्हणून दार बंद होत नाहीं. तिला जो वेळ वाट पाहण्यांत घालवावा लागतो, तो मोजतांना शीलवतीबाईंनीं आणि मेरी दास यांनीं काय मोजलें होतें, याची आठवण घरच्या वडील माणसांनीं तिला करून द्यावी.